धडधाकट पोटाला टाके

आमची ग्रेट डेन कुत्री भलतीच उंच, खोल छातीची. सावेडीत फिरायला नेली की रिक्षावाले वेग कमी करून बघत. पिल्लं नकोत म्हणून तिचं ऑपरेशन करायचं ठरलं, तेव्हा नगरमधल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "दुर्बिणीतून करू. आणि त्याच भुलीत तिचं जठर पोटाच्या भिंतीला शिवून घेऊ."

"जठराला काय झालंय?"

"काहीच नाही. पण या जातीत कधी जठर फुगतं आणि पीळ खातं. मग जनावर हाती लागत नाही."

काहीच झालेलं नाही, तरी शिवायचं! माझ्या मनात पाल चुकचुकली. कोल्हारहून आलेल्या सासऱ्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "गाय फुगली तर गोडं तेल पाजत्यात. धडधाकट पोटाला टाकं घातल्यालं म्या न्हाई पाह्यलं."

"तेच म्हणते मी, मामा."

शेवटी मी डॉक्टरांना अट घातली, मी समोर उभी राहणार. त्यांनी लगेच होकार दिला. तेवढ्या चटकन दिलेला होकारही मला खटकला.

काचेपलीकडून पडद्यावर गुलाबी, ओलसर काहीतरी हलताना दिसलं. डॉक्टर "हे अंडाशय, हे जठर" सांगत होत्या. मी मान डोलावत होते, पण ते आमच्याच कुत्रीचं कशावरून? घरी आणल्यावर मामांनी चष्मा लावून तिचं पोट पाहिलं. "एवढुशा भोकांतून काय व्हतंय? भूल दिली आन् निजवली आसंल." दुसऱ्याच दिवशी ती जिन्यावरून उड्या मारू लागली, तेव्हा आमची खात्रीच पटली.

पुढे दिवाळीत तिला कोल्हारला नेलं. दुपारी तिने गोठ्यात शिरून गुरांसाठी भिजवलेली पेंड पोटभर खाल्ली. थोड्या वेळात पोट डफासारखं ताणलं. ओकायला बघायची, पण नुसती लाळ गळायची. मामांनी पोटावर टिचकी मारली आणि त्यांचा चेहरा उतरला. "गाडी काढा," एवढंच म्हणाले.

गाडी थेट नगरला दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. जठर हवेने तट्ट भरलं होतं, पण जागचं हललं नव्हतं. तोंडातून नळी घालून त्यांनी हवा काढली, तशी ती हळूहळू मोकळा श्वास घेऊ लागली.

मामांनी विचारलं, "शिवलं नसतं, तर पिळलंच आसतं का?"

मला वाटलं, आता या स्वतःची पाठ थोपटून घेणार.

"ते मी नाही सांगू शकत, काका," डॉक्टर म्हणाल्या. "कदाचित नसतंही पिळलं."

त्यांचं एवढं एकच वाक्य मी संशयाने उलटंपालटं न करता ऐकून घेतलं. मामा तिच्याशेजारी फरशीवर बसले होते आणि तिच्या तोंडाची लाळ आपल्या उपरण्याने पुसत होते.