कोण गाव?

शहाण्णव सालची दिवाळी नुकतीच सरली होती. कॅनडात नोकरी लागली म्हणून माझ्या गावी, अंथुर्ण्यात, सगळ्यांचा निरोप घेऊन मी फाट्यावर बारामतीच्या एसटीची वाट बघत होतो. मेंढरं घेऊन कोकणाकडं निघालेला एक धनगर तिथं जरा टेकला. घोड्यावर त्याचा अख्खा संसार लादलेला, वर डालग्यात कोंबड्या. काखेत ताजं जन्मलेलं कोकरू. बोलता बोलता तो त्याचे कान बोटांनी पुसत होता.

माझी सुटकेस बघून त्यानं विचारलं, "लांब निघाला का पाव्हणं?"

मी कॅनडा सांगितलं, तिथला बर्फही सांगितला. थंडीचं त्याला काही वाटलं नाही.

"कोण गाव म्हणून इचारत्याल बगा. सारखं इचारत्याल. राग मानायचा न्हाय."

"किती दिवस?"

तो हसला. "माझा आजा ह्याच वाटंनं कोकणात जायाचा. मला अजून इचारत्यात."

"मग काय सांगता?"

"पळसदेव. त्यास्नी ठावं नसतंय. पर सांगायचं. न्हायतर आपल्यालाच इसर पडतो."

मला रागच आला. मी इंजिनिअर म्हणून चाललो होतो, मेंढरं घेऊन नव्हे!

टोरांटोत पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्यानं विचारलं. मग दुकानदारानं, मग साहेबानं. अजून विचारतात.

माझी मुलगी तिथंच जन्मलेली. परवा ती शाळेतून आली. तिलाही कुणीतरी तेच विचारलं होतं.

"मग तू काय सांगितलंस?"

"अंथुर्णे," ती म्हणाली.

तिनं ते गाव अजून पाहिलेलं नाही.