बाराचा दोष

माझी धाकटी बहीण जन्मापासून बहिरी आहे. ती आईमुळं बहिरी झाली, असं आमच्या घरात सगळेच धरून चालले होते. त्यावरून कधी भांडण झालं नाही. वडलांनी आवाजसुद्धा चढवला नाही. रस्त्यात कुणी बहिणीला हाक मारली आणि ती वळली नाही, की घरी येऊन ते एवढंच म्हणत, "म्या नको म्हणलं हुतं."

आमचं गाव तेरखेडा. बहीण पोटात असताना आई शेजारच्या काकूंबरोबर फटाक्यांच्या एका शेडवर कामाला जायला लागली. सुतळी गुंडाळायचं काम, सावलीत बसून. वडलांना ते पसंत नव्हतं, पण आई गेली. एका दुपारी शेडमागं माल तपासायला लावलेला फटाक्याचा बार बायका बसल्या होत्या त्याच्या अगदी जवळ वाजला. कुणाला इजा झाली नाही. आई घरी आली तेव्हा तिच्या कानात शिट्टी वाजत होती आणि मी काय विचारतेय ते तिला कळत नव्हतं. मी घाबरून तिच्या तोंडासमोर जाऊन ओरडले होते. सकाळपर्यंत तिचे कान सुटले.

बहीण जन्मली ती गोरी, गुटगुटीत. दुपारी शेडांकडं बार वाजायला लागले की गल्लीतली तान्ही बाळं दचकून रडत. ही झोळीत झोपलेली असे. पोर लई शांत आहे म्हणून आधी सगळ्यांनी कौतुक केलं. मग हळूहळू कौतुक थांबलं. तिला सोलापूरला नेलं तेव्हा डॉक्टरांनी कारण विचारलं आणि वडलांनी बाराचं सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नुसतीच, कोण जाणे. आमच्या घरात ती हो म्हणूनच धरली गेली.

आईनं शेड सोडली आणि लोकांच्या रानात खुरपायला जायला लागली. काकूंशी बोलणंही सोडलं, कारण शेडवर नेणाऱ्या त्याच. दोन घरांत एक भिंत होती. काकू दारातून काही विचारायच्या, आई घरात निघून जायची. पुढं काकूंनीही विचारणं बंद केलं. बहीण मोठी झाली, ब्लाऊज शिवायला शिकली, आईजवळच राहिली. तिचं लग्न जमलं नाही. वडील वारले, तेही आईशी त्या विषयावर दुसरं एक वाक्य न बोलता.

मी लग्न होऊन धाराशिवला आले आणि शाळेत शिकवायला लागले. माझी मुलगी मी माझ्याच भावाच्या घरी दिली. आमच्याकडं ही रीतच आहे. आई तरी वडलांच्या मामाचीच मुलगी. मुलगी-जावई पुण्यात असतात. त्यांना मुलगी झाली. जन्मल्यावर दवाखान्यात कान तपासले तेव्हा चांगले आहेत असं निघालं, आणि आम्ही निर्धास्त झालो. पण काही महिन्यांनी मुलीचा फोन आला. "आई, ही मावशीसारखी झोपते गं," एवढं बोलून ती रडायला लागली.

बाळाच्या डोक्याला वायरी लावून दुसरी तपासणी झाली, मग रक्त तपासायला दिलं. त्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या मुलीएवढ्याच असतील. मी त्यांना बहिणीचं सांगितलं, तेव्हा त्यांनी तिचंही रक्त मागवून घेतलं. उत्तर आलं त्या दिवशी त्यांनी आम्हाला समोर बसवलं.

"कान बंद नाही," त्या म्हणाल्या. "आवाज आतपर्यंत जातो. तिथल्या पेशींनी तो पुढं नसेकडं द्यायचा असतो. ते काम एक प्रथिन करतं, आणि हिच्या शरीरात ते नीट तयारच होत नाही. तुमच्या बहिणीचंही तेच आहे."

मी म्हणाले, "प्रथिन म्हणजे डाळीत असतं ते?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाव तेच. पण आपलं शरीर स्वतःची वेगळी प्रथिनं बनवतं, हजारो प्रकारची. त्यातली बहुतेक आता सापडलीत. कुठलं काय काम करतं, हे मात्र अजून पुष्कळांच्या बाबतीत कळलेलं नाही. हे कळलंय, म्हणून मी तुम्हाला सांगू शकते. तुमची बहीण जन्मली तेव्हा हे जगात कुणालाच माहीत नव्हतं."

मी बाराचं विचारलं. त्यांनी शांतपणं ऐकून घेतलं. "त्याचा काही संबंध नाही. हा दोष आई आणि वडील दोघांकडून आला, तरच मूल बहिरं होतं. एकाकडून आला तर काही होत नाही."

नातीला ऑपरेशन करून यंत्र बसवता येईल, तिला ऐकू येईल, असं त्या म्हणाल्या. परदेशात काही मुलांच्या कानात औषध सोडून ते प्रथिन तयार करायला लावतात, तेही सांगितलं. बहिणीबद्दल मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आता ह्या वयात फारसा उपयोग होणार नाही. मेंदूला आवाजाची सवयच लागलेली नाही."

पुढच्या रविवारी मी तेरखेड्याला गेले. आई तांदूळ निवडत होती, बहीण मशीनवर होती. मला वाटलं होतं, ऐकून आईचं ओझं उतरेल. मी सगळं सावकाश सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"बारानं न्हाय?"

"न्हाय."

"मग ह्यांच्याकडूनबी आलं म्हण की."

"व्हय. दोघांकडूनबी."

ती म्हणाली, "त्येंना कोन सांगंल आता?"

तिनं भिंतीवरच्या वडलांच्या फोटोकडं बघितलं.

"तवाच कुनी कसं सांगितलं न्हाय?"

"तवा कुनालाच ठावं नव्हतं, आई."

तिनं परत सूप उचललं, पण तांदळात हात घातला नाही. "मला आवडायचं गं तितं," ती म्हणाली. "समद्या बाया मिळून बसायचो. शेजारची तर अशी हसवायची, की सुतळी हातातनं सुटायची. तसं बसनं मग कुटंच झालं न्हाय." मग म्हणाली, "उन्हाळ्यात ती मेली. म्या तिच्या मातीलाबी गेले न्हाय."

बहीण मघापासून आमच्या तोंडांकडं बघत होती. तिनं खूण करून विचारलं, काय झालं. मी कानाला हात लावला, आईकडं बोट केलं, भिंतीवरच्या वडलांच्या फोटोकडं केलं, मग दोन्ही हात एकत्र आणले. तिला कळलं. मग तिनं बाळ हातात धरल्यासारखं करून कानाला हात लावला. मी मान डोलावली: नातीला ऐकू येईल. बहीण हसली. स्वतःबद्दल तिनं काही विचारलं नाही. ती मशीनवर जाऊन बसली, पायडलवर पाय ठेवला, पण मशीन चालवलं नाही.

सकाळी उठले तर आईनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं. "जाऊन येते," म्हणाली, आणि शेजारच्या घरात गेली. तिथं आता काकूंची सून असते. भिंतीपलीकडून बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. बोलत आईच होती.

ती परत आली आणि उंबऱ्याच्या आत जमिनीवरच बसली.

"काय म्हणली?" मी विचारलं.

"काय म्हणल? तिला ह्यातलं कायच ठावं न्हाय. सासूनं कदी सांगितलंच न्हाय म्हणली." आईनं पदरानं तोंड पुसलं. "च्या केला तिनं. साखर लई घातली हुती. म्या पिऊन आले."