उलटी बादली

रूपालीला लहानपणी गंगावेशीत दूध आणायला पाठवताना तिची आई सरुबाई दर वेळी बजावायची, "धार काढायच्या आधी बादली उलटी करून दावा म्हणायचं. लाजायचं न्हाय." तळाशी आधीच पाणी असलं, तर डोळ्यांदेखत काढलेलं दूधही पातळच निघणार. तिथला पिराजी गवळी मुकाट्यानं बादली उलटी करायचा आणि मग म्हशीखाली बसायचा. त्याला कधी राग आला नाही.

पुढे हीच सवय तिच्या पोटापाण्याची झाली. २००६ साली शाहूपुरीतल्या एका छोट्या कंपनीत इतरांनी लिहिलेला कोड तपासून पास करायचं काम तिच्याकडे होतं. कोड तिच्याकडे गेला म्हटलं की पोरं कपाळाला हात लावायची. एकट्या जोतीरामचं तिच्याशी जमायचं. ही नोकरी त्यानंच तिला लावून दिली होती, दुपारचा चहाही तोच किटलीतून आणून ओतायचा. बादलीची गोष्ट तिनं फक्त त्याला सांगितली होती.

कंपनीचं काम कर्नेलचं, म्हणजे संगणकाच्या गाभ्याचं. डिस्कवरची माहिती कर्नेल कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, हाताशी ठेवतो. ती मागितल्यावर बिनचूक मिळते का, हे चाचण्या बघायच्या. मिळालेली माहिती उतरवून घ्यायला प्रत्येक चाचणी मेमरीचा एक तुकडा, म्हणजे बफर, स्वतःपुरता मागून घेई. जोतीरामनं तो पसारा आवरला. सगळ्या चाचण्यांना मिळून एकच बफर. कोड निम्मा झाला, दिसायलाही देखणा. आणि कित्येक आठवडे अधूनमधून फेल होणारी एक चाचणी एकदम पास व्हायला लागली.

तिथंच रूपालीच्या मनात पाल चुकचुकली. औषध न देता दुखणं बरं झालं कसं? शुक्रवारी काम गिऱ्हाइकाला द्यायचं होतं, आणि याच चाचणीपायी साहेबांनी जोतीरामला चारचौघांत झापलं होतं. नेमकं तेच तिला आठवलं. मग ती त्याचा जुना कोडही उकरून वाचायला लागली. चहा ओतताना तो हसला, तर हा आज हसतोय कशाला, असं तिच्या मनात आलं.

शेवटी तिनं कॅशमधून वाचायची ओळच काढून टाकली आणि चाचणी चालवली. चाचणी पास. सगळ्या चाचण्या एकच ठरलेली माहिती वापरायच्या. आधीच्या चाचणीनं उतरवलेली माहिती बफरमध्ये तशीच पडून होती, आणि ही चाचणी तीच बघून खूश होत होती. बादलीत आधीच पाणी होतं.

ती तडक त्याच्या टेबलापाशी गेली. "फेल झाकायला मुद्दाम केलंस की हे," ती म्हणाली. आजूबाजूच्या माना वर झाल्या.

जोतीरामनं स्क्रीन पाहिला, पुन्हा पाहिला. त्याचा चेहरा उतरला. "माझ्या ध्यानातच न्हाय आलं गं," तो म्हणाला. तो खरं बोलत होता. तिला ते लगेच कळलं, पण शब्द तोंडातून गेला होता.

त्यानं तिथंच प्रत्येक चाचणीआधी बफर पुसून घ्यायची सोय केली. चाचणी पुन्हा फेल झाली, शुक्रवार हुकला आणि कर्नेलमधली खरी चूक सापडली. साहेबांनी रूपालीचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. तिला ते अजिबात गोड लागलं नाही. पिराजीची तिनं बादली बघितली होती, त्याला पाणी घालणारा म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जोतीराम चहा घेऊन आला. त्यानं रिकामा कप तिच्यासमोर उलटा धरला, तिनं बघेपर्यंत थांबला आणि मग किटलीतून चहा ओतला. तो हसत नव्हता.

"राहू दे रे," ती म्हणाली.

त्यानं कप तिच्यापुढे सरकवला. तिनं ती कंपनी सोडेपर्यंत रोज त्यानं तिला चहा दिला, कप उलटा करून दाखवून.