शेजारची सीट

लॉर्ना रॅगला कुणाच्या ताटात काय पडलं हे फार लवकर दिसायचं. त्याला कारणही होतं. सहा बहिणींतली ती पाचवी. चौघींच्या अंगावरून उतरलेले कोट घालून ती मोठी झाली आणि पुढं गावच्या शाळेत पोरांना जेवण वाढण्यात तिनं उभी हयात काढली. कस्टर्डचा मोठा डाव कुणाला गेला हे तिला पाठमोरी उभी असतानाही कळायचं. निवृत्तीच्या समारंभात हेडमास्तरीणबाईंनी या गुणाला न्यायबुद्धी म्हटलं होतं. घरी तिचा नवरा क्लिफ याच गुणाला जळकुटेपणा म्हणायचा, आणि खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं.

क्लिफ चुन्याच्या खाणीत डंपर चालवायचा. दगड फोडणाऱ्या यंत्राशेजारी इतकी वर्षं काढल्यानं त्याला कमी ऐकू यायचं आणि तो बोलायचा मोठ्यानं, त्यामुळं रॅगांच्या घरातलं भांडण निम्मं तरी सगळ्या गल्लीला पाठ असे. पोरगा न्यूझीलंडला. घरात दोघंच. डर्बीशरच्या आमच्या या खोऱ्यात नोव्हेंबर लागला की सूर्य कामचुकार नोकरासारखा वागतो. उशिरा टेकडीवर डोकावतो, जेवणं आटपेपर्यंत पसार होतो. बाकी दिवसभर ओलं, करडं, भिंतींच्या दगडांतून पाझरणारं असं काहीतरी असतं, त्याला उजेड म्हणायचं इतकंच.

या दिवसांत लॉर्नाचं मन खचायचं. केस विंचरायची नाही, चहा हातातच गार व्हायचा, दुपारी पडदे ओढून टाकायची. डॉक्टरनं एक पांढराफटक दिवा दिला होता, उन्हाऐवजी रोज सकाळी त्याच्यासमोर बसायला. "पासपोर्टचा फोटो काढतेयस का?" असं क्लिफ विचारायचा. पण तो तरी कुठं धड असायचा. जानेवारीत तोही सोफ्यावर तोंड पाडून बसायचा, तिच्या शेजारी, एकाच पांघरुणाखाली. दोघं जोडीनं उदास व्हायची. त्यात एक सोबत होती. वाईट दिवस असले तरी ते दोघांचे होते.

मग गाडी आली.

क्लिफचा खाणीतला जोडीदार कीथ फर्न अचानक वारला. त्याच्यामागं त्याची बायको गेनर राहिली आणि गॅरेजात झाकून ठेवलेली हिरवी ट्रायम्फ स्पिटफायर राहिली. बुटकी, लांब नाकाची, कापडी टपाची, दोनच सीटांची. कीथनं तिचं नाव डॅफ्ने ठेवलं होतं. इकडं अशा गाड्यांना नाव ठेवतातच, आणि बाईचंच ठेवतात. गेनरनं ती क्लिफला विकली आणि रॅगांच्या घरात सवत आली.

पहिल्याच दिवशी क्लिफनं बायकोला विचारलं होतं, "चल बदके, एक चक्कर मारून येऊ." आमच्याकडं लाडानं बदकच म्हणतात, नवऱ्यापासून पोस्टमनपर्यंत सगळेच.

"मेलेल्या माणसाच्या गाडीत मी पाय ठेवायची नाही," लॉर्ना म्हणाली.

आता हे काय कायमचं थोडंच बोलली होती ती. दोनदा-तीनदा विनवलं असतं तर पायच काय, उशी घेऊन बसली असती. पण क्लिफ शब्दाचा पक्का माणूस, आणि त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्यांचे शब्दही तो पक्के धरायचा. त्यानं पुन्हा विचारलं नाही. लॉर्नानं पुन्हा विषय काढला नाही. मध्ये ती दोन सीटांची गाडी उभी राहिली.

जुन्या गाडीवाल्यांच्या क्लबात एक रीत आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी सगळे आपापल्या गाड्यांचे टप उतरवून, वरून पाऊस पडो की बर्फ, माळावरच्या खानावळीपर्यंत जातात, वाटाण्याचं सूप पितात आणि कुडकुडत परत येतात. हिवाळ्याचं कंबरडं मोडायला जातो असं म्हणतात. आणि गाडी विकली असली तरी वर्षाच्या त्या पहिल्या फेरीला शेजारची सीट जुन्या मालकाच्या घरच्यांची. त्यामुळं दर फेब्रुवारीला गेनर फर्न यायची. गेनरचं केस कापायचं दुकान होतं. बाई उंच, सडपातळ, कडाक्याच्या थंडीतही ओठ लाल. येताना आल्याच्या केकचा डबा आणायची. क्लिफ तिला दार उघडून द्यायचा, आणि संध्याकाळी परत यायचा तो लालबुंद गालांनी, हसत, दहा वर्षांनी लहान होऊन. मग आठवडाभर घरात एकच पाढा चालायचा. गेनर म्हणत होती, गेनरला आठवलं, गेनरला वाटतं.

लॉर्ना जळायची. नवरा हातचा जाईल असं तिला वाटत नव्हतं. क्लिफला कोण पळवून नेणार आणि नेलंच तर किती दिवस ठेवणार. तिला झोंबायचं ते वेगळंच. त्याची उदासी गेली होती, एकट्याची. लॉर्ना तिथंच सोफ्यावर होती, अर्ध्या पांघरुणासकट, आणि तो दुसऱ्या बाईला शेजारी बसवून बरा होऊन येत होता.

या वर्षीचा जानेवारी फार लांबला. त्या महिन्यात कधीतरी लॉर्नाच्या मनानं घेतलं की या खेपेला आपण जायचं. टेकडीवर जायचं, टप नसलेल्या गाडीतून, त्याच्या शेजारी बसून. फक्त त्यानं विचारायला हवं. ती रोज वाट बघायची आणि तो रोज कार्बुरेटरबद्दल बोलायचा.

रविवारी सकाळी दगडी कुंपणांवर दहिवर गोठलं होतं. क्लिफ जिन्यावरून खाली आला तो हातात गरम पाण्याची पिशवी घेऊन. विणलेल्या निळ्या खोळीतली, लॉर्नाच्या पायाशी रोज रात्री असायची ती.

"ती माझी आहे," लॉर्ना म्हणाली.

"अगं, माहीत आहे. अर्ध्या तासासाठी घेतोय. टपाच्या मागच्या काचेवर ठेवायचीय."

"तिला थंडी वाजते का?"

"प्लॅस्टिकची काच ती. गारठ्यात टप दुमडला तर पापडासारखी मोडते. नीट ऊब द्यायची, मऊ पडू द्यायची, मग हळूच दुमडायचं. शंभरदा सांगितलंय तुला."

"मला कुणी इतकी ऊब देऊन हळूच दुमडलं नाही कधी."

क्लिफला हे ऐकूच गेलं नाही, किंवा गेलं असेल तर त्यानं तसं दाखवलं नाही. तो गॅरेजात जाऊन पिशवी ठेवून आला. इतक्यात खालच्या गल्लीतून क्लबातल्या ट्रेव्हरचा निरोप आला की त्याची गाडी सुरू होत नाही, ढकलायला ये. "आलोच," क्लिफ म्हणाला. "टपाला हात लावू नकोस. गेनर आली तर आत बसव."

तो गेल्यावर लॉर्ना कोट चढवून गॅरेजात गेली. नुसतं बघायला म्हणून गेली. गाडी पुसून लख्ख केली होती. आणि शेजारच्या सीटवर, व्यवस्थित घडी घालून, ते सोफ्यावरचं पांघरूण ठेवलं होतं. रंगीत चौकटींचं, लॉर्नानं लग्नाच्या वर्षी स्वतः विणलेलं. गेनरच्या गुडघ्यांसाठी.

ती दार उघडून आत बसली. सीट मागं सरकवलेली होती, लांब पायांच्या माणसासाठी. लॉर्नाचे बूट पुढं टेकेनात. लहान मुलाला मोठ्यांच्या खुर्चीत बसवावं तशी ती लोंबकळत बसली, आणि तिच्या डोक्यात जे काय पेटायचं ते पेटलं.

उतरून तिनं पिशवी काचेवरून उचलली. ती पोटाशी धरून गॅरेजचं मोठं दार सताड उघडलं, गारठा आत येऊ दिला आणि घरात जाऊन एक कप चहा प्यायली. अख्खा कप, सावकाश. ही गोष्ट रागाच्या भरात झाली असं नंतर कुणाला सांगायची तिची सोय त्या चहानं घालवली. परत येऊन तिनं टपाच्या खिट्या सोडल्या, दोन्ही हातांनी टप मागं ओढला आणि दाबून दुमडला. तडक्कन आवाज झाला. काच या कडेपासून त्या कडेपर्यंत तडकत गेली.

पुढच्या क्षणी तिनं बाजूला ठेवलेली पिशवी उचलून पुन्हा पोटाशी धरली. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"हे काय केलंस गं, लॉर्ना?"

गेनर उभी होती. डोक्याला रुमाल, काखेत केकचा डबा, ओठ लाल. ती जवळ आली, चिरेवरून बोट फिरवलं, मग लॉर्नाच्या हातातल्या पिशवीकडं बघितलं. तिला सांगायची गरज पडली नाही.

"क्लिफ कुठाय?"

"येईल आता," लॉर्ना म्हणाली.

क्लिफ आलाच. हात काळे, ट्रेव्हरच्या नावानं पुटपुटत. त्यानं दुमडलेला टप पाहिला, मग काच पाहिली, आणि जागीच थांबला.

"माझ्या हातून झालं, क्लिफ," गेनर शांतपणे म्हणाली. "मला वाटलं ऊब देऊन झालीय. मीच दुमडला."

क्लिफचा चेहरा लाल झाला, मग हळूहळू उतरला. "असू दे गं, बदके," तो म्हणाला. "जुनीच झाली होती काच. आज ना उद्या जाणारच होती. तुझ्या हाताला लागलं नाही ना?"

सुटलो म्हणून दुसऱ्या कुणीही देवाचे आभार मानले असते. लॉर्ना मात्र मुळापासून पेटली. हाताला लागलं नाही ना म्हणे. हेच तिच्या हातून झालं असतं तर खाणीतला भोंगा वाजला असता, आणि ईस्टरपर्यंत वाजत राहिला असता. गेनरनं काच मोडली तर बदके, असू दे. मोडण्याचा मानसुद्धा तिलाच.

"तिनं नाही मोडली," लॉर्ना म्हणाली. "मी मोडली. मुद्दाम. पिशवी काढून घेतली, गार होऊ दिली, आणि मोडली."

क्लिफनं दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. "का?" एवढंच विचारलं त्यानं, आणि तेही हळू आवाजात. ते तिला अगदीच अनपेक्षित होतं.

"मला बसायचंय म्हणून. मला टेकडीवर यायचंय."

"मेलेल्या माणसाच्या गाडीत पाय ठेवायची नाही म्हणालीस."

"एकदा म्हणाले. तूही एकदाच विचारलंस."

"मग काय रोज विचारायचं?"

"हो. निदान वर्षाला एकदा तरी. तू बरा होऊन येतोस, क्लिफ, आणि मी आपली त्या दिव्यासमोर बसलेली असते. मला एकटं टाकून बरा होतोस तू."

क्लिफनं कानामागं खाजवलं. हातांचं काळं कानाला लागलं. "सीट एकच आहे," तो म्हणाला. जणू आतापर्यंत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

गेनरचा हात गाडीच्या दारावर होता. तो तिनं काढला नाही. बराच वेळ ती त्या सीटकडं बघत राहिली.

"कीथ दर फेब्रुवारीला विचारायचा," ती म्हणाली. "मी म्हणायचे, केस विस्कटतात. मग म्हणायचे, दुकानात गर्दी आहे. आणि मनात म्हणायचे, त्या डॅफ्नेलाच घेऊन जा, तिचेच लाड कर. तो असेपर्यंत एकदाही बसले नाही मी हिच्यात. आता बसते, तर तिकडं चालवतोय क्लिफ." ती किंचित हसली. "रागावू नकोस हं, क्लिफ. गाडी बरी चालवतोस तू. बडबड फार करतोस."

खालच्या गल्लीत ट्रेव्हरची गाडी खोकत सुरू झाली.

"बस तू," गेनर लॉर्नाला म्हणाली. "नाहीतर माझ्यासारखी उद्या दुसऱ्याच्या नवऱ्याशेजारी बसायची पाळी येईल."

"तुझा दिवस आहे," लॉर्ना म्हणाली. म्हणायला हवं म्हणून म्हणाली, आणि गाडीचं दार धरूनच म्हणाली.

"आहे ना. म्हणूनच मी ठरवणार. सीटखाली दांडी आहे, ओढ म्हणजे पुढं येईल. आणि हे बांध." तिनं डोक्याचा रुमाल सोडून लॉर्नाच्या डोक्याला बांधला, हनुवटीखाली करकचून गाठ मारली. केस कापणाऱ्या बाईचे हात, सफाईचे. "वर माळावर कान गळून पडतात."

गाडी फाटकातून बाहेर पडली. वारा तोंडावर आला तसा लॉर्नाचा श्वासच अडकला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. क्लिफ चोकबद्दल काहीतरी ओरडून सांगत होता आणि तिला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. वळणावर टेकडीच्या खांद्यावरून ऊन एकदम अंगावर आलं, दोघांच्याही. सीटमध्ये ती इतकी खोल बसली होती की जणू रस्त्यावरच बसली आहे असं वाटत होतं. आपण हसतोय हे तिला उशिरा कळलं.

तिनं मान वळवून मागं बघितलं. गेनर फाटकाशी उभी होती. डोकं उघडं, केस वाऱ्यानं विस्कटलेले, डबा काखेत तसाच. हात हलवत होती, पण नजर लॉर्नाच्या तोंडाकडं नव्हती. सीटकडं होती. ती नजर लॉर्नाला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती.

तिला वाईट वाटलं. अगदी खरंच वाटलं.

क्लिफनं आरशात बघितलं आणि वेग कमी केला. "थांबू का जरा?"

"चालव," लॉर्ना म्हणाली.