एस्किलचा नकार

एस्किल ब्रोगॉरनं आमच्या चर्चच्या दफनभूमीत एकतीस वर्षं खड्डे खणले. शेवटची अकरा वर्षं मी त्याच्या जोडीला होते. आमच्याकडे थडग्याची जागा वीस वर्षांसाठी मिळते. पुढं मुदत वाढवायला कुणी आलं नाही, तर दगड काढायचा, भोवतीच्या कुंपणाची झुडपं उपटायची आणि गवत पेरायचं. काढलेले दगड फोडून रस्त्याच्या भरावाला जातात. हे सगळं हातानं केलेल्या माणसाला स्वर्ग-नरकाच्या गोष्टी कोण सांगणार? देवावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता आणि तो ते लपवतही नसे. पाद्रीबाई मेरेटे दिसली की हाक मारायचा, "मेरेटे, तुझ्या मालकाला सांग, मंगळवारी खणायचंय, पाऊस आवर!"

रडणाऱ्या नातेवाइकांना मात्र तो फार हळुवारपणे सांगे, "जन्माआधी आपण नव्हतो. तेव्हा काही दुखलं का? तसंच असतं ते." कित्येकांना त्यानं बरं वाटलेलं मी पाहिलंय.

फेब्रुवारीत त्याची पाठ दुखायला लागली. फावड्यानं भरली असेल, असं आम्ही धरून चाललो. निघाला स्वादुपिंडाचा कॅन्सर, तोही पसरलेला. दुसऱ्या दिवशी तो अवजारांच्या खोलीत आला आणि किल्ल्या माझ्यापुढं ठेवल्या.

"विबेके, आता तूच बघ इथलं. मी निघालो."

"कुठं निघालास?"

"कुठंच नाही. तीच तर पंचाईत आहे."

मी हसले. तो हसला नाही.

मला वाटलं होतं, याला सोपं जाईल. त्यालाही तसंच वाटलं असणार. एप्रिलमध्ये भेटायला गेले, तेव्हा तो खिडकीशी खुर्चीत बसला होता. अंगावरचा स्वेटर दुसऱ्या कुणाचा असावा इतका ढगळ. मी त्याला त्याचंच ते वाक्य ऐकवलं.

"खोटं नाहीये ते," तो म्हणाला. "पण कामाला येत नाही. जन्माआधी मला माझी रॅग्नहिल कुठं माहीत होती? जे माहीतच नाही ते जाणं वेगळं, विबेके."

पाद्रीबाईही यायची. तिनं एकदा विचारलं, "काही वाचून दाखवू?"

"टपाल वाच. चार दिवस तसंच पडलंय."

तिनं खरोखर टपाल वाचलं. मग त्यानं विचारलं, "तुला मरायची भीती वाटते?"

"वाटते."

"मग तुझा तो वरचा काय कामाचा?"

मेरेटेनं पाकिटं नीट लावून टेबलावर ठेवली.

रॅग्नहिल म्हणजे त्याची बायको. त्रेचाळीस वर्षांचा संसार, मूलबाळ नाही. जन्मभर मासळीच्या कारखान्यात राबलेली, त्याच्याइतकीच नास्तिक आणि त्याच्याहून फटकळ. मे महिन्यात एका दुपारी मी बागेतले रुबार्बचे आंबट देठ घेऊन गेले, तेव्हा ती त्याची नखं कापत होती. मी दारातच थांबले. मान वर न करता ती म्हणाली,

"एस्किल, एकदा म्हण. आपण भेटू म्हण."

"ते खरं नाही. तुलाही माहितीये."

"खरं सांग म्हणतेय का मी? नुसतं म्हण म्हणतेय."

त्यानं तोंड उघडलं. मग मिटलं.

"नाही जमत गं."

तिनं त्याचा दुसरा हात मांडीवर घेतला आणि पुढची नखं कापायला लागली. "गाढवा," एवढंच म्हणाली.

ती कॉफी करायला आत गेल्यावर तो रडला. एकतीस वर्षांत त्याला कुणी रडताना पाहिलं नव्हतं, असं गावात कुणीही सांगेल. माझ्या अकरा वर्षांत तरी नाहीच. "दोन शब्द होते," तो म्हणाला. "एवढंही दिलं नाही मी तिला."

पुढं आठवड्याभरानं त्यानं तो प्रयत्न केला. हे रॅग्नहिलनंच मला सांगितलं. "आपण भे..." इथवर तो आला आणि तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. "राहू दे. आता म्हणालास तर तुझं शेवटचं बोलणं खोटं ठरेल."

अकरा जूनला, जेवणवेळेच्या आधी, तो गेला. त्याची राख त्याच्या इच्छेप्रमाणं निनावी हिरवळीत पुरायची होती. तिथं दगड नसतो आणि जागा कुणाला सांगत नाहीत. खड्डा मीच खणला. मेरेटे साध्या कपड्यांत आली आणि मागं उभी राहिली. नंतर कॉफीच्या वेळी शेजारची एक बाई म्हणाली, "शांतपणे गेला म्हणे."

"शांतपणे नाही गेला," रॅग्नहिल म्हणाली. "घाबरला होता. मी हात धरला होता, तरी घाबरला होता."

मेरेटेनं रॅग्नहिलच्या कपात कॉफी ओतली.

ऑगस्टमध्ये रॅग्नहिल एकटीच आली. "कुठंय?" मला नियम ठाऊक होता. मी बोट दाखवलं. ती तिथवर चालत गेली, खाली बघत उभी राहिली आणि चार-पाच मिनिटांत परत आली.

"गवतच आहे."

"हो."

"मला वाटलं होतं, काहीतरी वाटेल," ती म्हणाली. तिनं घड्याळ बघितलं. बसला अजून वीस मिनिटं होती, पण ती लगेच फाटकाकडे निघाली. मी तिला थांबवलं नाही.