पाच अक्षरं, मधलं ए

पुरुषोत्तमरावांनी चाळीस वर्षांच्या संसारात बायकोवर एकदाही हात उगारला नाही, हे ते स्वतःच चारचौघांत सांगत. उगारायची गरजच काय होती म्हणा! तोंडात जीभ होती का कानस, देव जाणे. नयनाबाई तासगावहून लग्न होऊन बेंगळुरूला आल्या तेव्हा मराठी शाळेतून दहावी पास होत्या, आणि नवरा सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात. पाहुण्यांपुढे बाई एखाद्या इंग्रजी शब्दापाशी अडल्या, की हे महाशय भुवई उचलून विचारायचे, "किती अक्षरी?" पाहुणे खो खो हसायचे. बाईही हसायच्या. न हसून सांगतात कुणाला?

ते 'किती अक्षरी' आलं होतं मराठी मंडळाच्या शब्दखेळातून. गणपतीतल्या रविवारी सकाळी हा खेळ व्हायचा. कार्डावर इंग्रजी शब्दाची अक्षरं किती, त्यातलं कुठलं कुठे आणि मराठीत अर्थ, एवढंच लिहिलेलं असे. ते वाचून दाखवायचं आणि समोरच्याने शब्द ओळखायचा. बावीस वर्षं ही कार्डं पुरुषोत्तमरावांनीच केली. नियम असा, की कार्डं करणाऱ्याच्या घरातल्या कुणी खेळायचं नाही. त्यामुळे नयनाबाई हॉलच्या मागे लाडू वाटत आणि उत्तरं मनातल्या मनात देत.

तीन वर्षांपूर्वी पुरुषोत्तमरावांना झटका आला. हातपाय शाबूत राहिले, शब्द मात्र गेले. आधी इंग्रजी गेले, मग दमले की मराठीही सापडेनात. चमचा हातात धरून "ते... ते..." करत बसायचे. डॉक्टरांनी बजावलं, "घाई करू नका, हसू तर मुळीच नका. अडले की शब्द तुम्ही पुरवा." घरी आल्याबरोबर नवऱ्याने बायकोला गणपतीपुढे शपथ घ्यायला लावली, की मंडळात हे कुणाला कळता कामा नये.

मग कार्डं कोण करणार? नयनाबाई! एचएसआर लेआउटमधल्या त्या फ्लॅटमध्ये सकाळचा कुकर उतरला, की त्या डिक्शनरी घेऊन बसत. दोनशे पानी वही केली. एका पानावर डोक्याशी लिहिलं, 'पाच अक्षरं, मधलं ए, शेवटचं ई'. खाली क्रेव्ह म्हणजे हाव सुटणे, नेव्ह, त्यातला पहिला के मुका, म्हणजे लबाड, ब्लेम म्हणजे दोष देणे. लहान मुलांसाठी प्लेट म्हणजे ताटली. बाईंना त्याची गोडी लागली, अगदी वेड लागलं म्हणा. भाजीवाला खालून "अक्का, अक्का" ओरडून निघून जायचा, ह्यांचं लक्षच नाही. वहीतलं सगळं पुरुषोत्तमराव मग ड्रॉइंग ऑफिसच्या ठाशीव अक्षरांत कार्डांवर उतरवत. टाळ्या त्यांना.

यंदा मंडळाचा सेक्रेटरी जितेंद्र, महादेवपुऱ्यात कंपनीत आहे तो, घरी आला. "काका, आता नव्यांना संधी देऊ या," म्हणत त्याने शाल-श्रीफळ दिलं. खेळ मुग्धा नावाच्या मुलीकडे गेला. म्हणजे नयनाबाईंना खेळायला मोकळीक! त्यांनी त्याच दिवशी नाव दिलं. एकदा, फक्त एकदा, माइकवरून 'पहिला क्रमांक, नयना' असं ऐकायचं होतं हो. आणखी काही नको होतं.

"घाल नाव," नवरा म्हणाला. "पहिल्या फेरीत पडशील, मग लाडू वाटायला मोकळी."

पण जुलैत मोठेपणाच्या भरात यंदाची तयार कार्डं आपणच मुग्धाला देऊन टाकली होती, हे मात्र हा गृहस्थ साफ विसरला होता. बायकोला सांगायचं तर त्याहून विसरला. मुग्धाला आयतीच मिळाली, तिने वापरली.

रविवारी तिने पहिलं कार्ड वाचलं. "पाच अक्षरं, मधलं ए, शेवटचं ई. अर्थ, दोष देणे."

नयनाबाईंनी चटकन मान वर केली. हे तर आपलंच! उठून सांगायला हवं होतं. सांगितलं, तर शपथ मोडते आणि नवऱ्याची अब्रू जाते. नाहीतर गप्प खाली उतरून लाडू वाटायला तरी जायचं. पण चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या स्टेजवर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ब्लेम."

आणि मग थांबल्याच नाहीत. समोरची पोरं डोकं खाजवतायत तोवर बाईंचं उत्तर तयार. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. शेवटची दोन कार्डं उरली असताना पहिल्या रांगेतून पुरुषोत्तमराव उठले.

"बंद करा! ही... ही चोरी आहे. माझी कार्डं आहेत ही. हिने घरात बघितली. हिला कुठलं येतंय? बसची पाटी वाचता येत नाही हिला!"

हॉलमध्ये हशा पिकला. जितेंद्र चाचरत म्हणाला, "काकू, तुम्ही कार्डं पाहिली होती का?"

नयनाबाईंनी माइक हातात घेतला.

"कार्डं ह्यांची, तर शब्दही ह्यांनाच येत असणार. सगळ्यांत सोपं विचारते. पाच अक्षरं, मधलं ए, शेवटचं ई. आपण जेवतो कशात?"

पुरुषोत्तमरावांनी तोंड उघडलं. "ते... ते, जेवायचं..." त्यांनी हाताने गोल करून दाखवला. पुढची पोरं ओरडली, "प्लेट! आजोबा, प्लेट!" पुन्हा हशा झाला, आणि मग एकेक करून लोकांना कळत गेलं आणि हसू थांबलं. त्यांना खाली बसवायला जितेंद्रच धावला. बाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांना बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण बरंच वाटलं.

क्रमांक कुणालाच दिला नाही. खेळ रद्द झाला. बाईंचं नाव माइकवर आलंच नाही.

घरी पोचल्यावर पुरुषोत्तमराव खुर्चीत कोसळले. ओठ कोरडे पडले होते. स्वयंपाकघराकडे बोट करून ते म्हणाले, "ते... नयना, ते दे... ते..."

माठ त्यांच्यापासून चार पावलांवर होता. भांडं बाईंच्या हातातच होतं. काय हवंय ते त्यांना पहिल्या 'ते'लाच कळलं होतं. त्या समोर खुर्ची ओढून बसल्या, भांडं मांडीवर ठेवलं आणि भुवई उचलून विचारलं,

"किती अक्षरी?"