पुलावरचा ट्रक

कर्जतच्या जत्रेत तंबूतल्या सिनेमाचं मशीन मी चालवायचो. खेळाआधी लढाईचं जुनं रीळ लावायचो. खालापूरचा एक मेकॅनिक रोज तेवढंच बघायला यायचा. गोऱ्यांचा लष्करी ट्रक दिसला की नुसत्या बॉनेटवरून ओळखायचा, "तीन टनी हाय!"

रिळाच्या शेवटी एक ट्रक पूल ओलांडायचा; तो आला की मात्र हा उठून पडद्याजवळ जायचा. एकदा म्हणाला, "लढाईत मी पलटणीच्या वर्कशॉपात व्हतो. मडगार्डला ठिगळ हाय ना, मीच मारलंय. ब्रेक पन मीच बसवला. गाडीवर आमचा दादा होता. पुलाफुडच्या उतारावर ब्रेक लागलाच नाय."

रीळ संपलं की मी ते हाताने उलटं गुंडाळायचो. तो शेजारी उभा राहायचा. "ट्रक पुलाच्या अलीकडं परत आला की सांग रं."

"आला," मी म्हणायचो. मग तो घरी जायचा.

दुसऱ्या दिवशी तोच ट्रक मलाच पुन्हा उताराकडे सोडावा लागे.